शेंदराखालच्या अडीच ओळी

दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो, असं आपण सगळेच म्हणतो. माझ्या वडिलांनी ते खरोखर करून पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांनी त्याची फळं मी भोगते आहे, कारण बाबा आता शहाऐंशीचे आहेत आणि त्यांच्या सगळ्या उलाढालींची धावपळ माझ्या गळ्यात पडलेली आहे.

दगड आहे नर्मदेच्या पलीकडे. शहरातल्या आमच्या चेरीताल मोहल्ल्यातून निघायचं, गढ्याच्या गर्दीतून वाट काढायची, तिलवाऱ्याचा पूल ओलांडायचा आणि पुढे तासभर आत जायचं. तिथे नदीला उतार आहे, उन्हाळ्यात बैलगाडी पाण्यातून जाते. एके काळी ही नदी म्हणजे हद्द होती. अलीकडे एकाचं राज्य, पलीकडे दुसऱ्याचं. त्या उतारावर नागपूरकरांची एक चौकी होती, म्हणजे एक दगडी चौथरा, पंधरावीस शिपाई आणि त्यांच्यावर एक जमादार. ही माहिती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. आमच्या भागाच्या इतिहासात मोठ्या लढाया आहेत, राण्या आहेत, किल्ले आहेत. उतारावर बसून डास मारणाऱ्या शिपायांना त्यात कोण विचारतो?

बाबा विचारत होते, कारण आमच्या घरात एक गोष्ट चालत आली होती. आमचा कोणी एक पूर्वज नागपूरकडून फौजेबरोबर आला, जमादार झाला आणि ‘नर्मदेच्या चौकीवर गेला’. गेला म्हणजे वारला. एवढंच. कोणती चौकी, कशाने वारला, काही नाही. बाबा इतिहासाचे मास्तर. शाळा हिंदी, घर मराठी, आणि शनिवारी दुपारी स्कूटर काढून खेड्यापाड्यातले दगड बघत फिरायचं वेड. तशा एका शनिवारी त्यांना त्या उतारावर हा दगड सापडला. वर चंद्रसूर्य, मध्ये ढालतलवार घेतलेला शिपाई आणि त्याच्या पायाशी अडीच ओळी. तिसरी ओळ अर्धी मातीत गेलेली. ऊन कललेलं होतं. त्यांना ‘श्री’ लागलं, ‘चौकी’ लागलं, आणि दुसऱ्या ओळीत ‘जमादार’ असावं असं वाटलं. त्याच्यापुढे नाव होतं. ते लागलं नाही. पुढच्या शनिवारी कागद-शाई घेऊन येऊ आणि नीट उतरवून घेऊ, असं ठरवून ते घरी आले.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा चौथरा नव्हता. गावाला पक्का रस्ता होणार होता, नाल्यावर पुलिया होणार होती, आणि ठेकेदाराला घडीव दगड आयते मिळाले होते. उरला होता तो हा एकच, आणि त्याच्यावरही चुन्याची फुली मारलेली. सोमवारी उचलणार होते. बाबांनी ठेकेदाराच्या माणसाला हद्द, चौकी, नागपूरकर सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, ‘मास्साब, पत्थर तो पत्थर है.’

रविवारी पहाटे बाबांनी मला उठवलं. मी नऊ वर्षांची होते. त्यांनी शेंदूर तेलात खलून एका डालड्याच्या डब्यात भरला होता. तो डबा मांडीवर घेऊन मी स्कूटरवर मागे बसले. गावाबाहेर पोचलो तेव्हा जेमतेम दिसायला लागलं होतं. बाबांनी हाताने शेंदूर थापला, वरपासून खालपर्यंत, अक्षरांवरसुद्धा. एक नारळ फोडला आणि आम्ही परत आलो. जास्तीत जास्त दहा मिनिटं लागली असतील. मी विचारलं, आता अक्षरं कशी वाचायची? ते म्हणाले, ‘दोन महिन्यांचा प्रश्न आहे. रस्ता झाला का रॉकेलनं पुसून काढू.’

सोमवारी फुलीवाला दगड कोणी उचलला नाही. शेंदूर लागलेल्या दगडाला हात लावायची छाती कोणत्याच मजुराची नव्हती. बाबा आठवडाभर स्वतःवर भयंकर खूश होते. मग दोन महिन्यांनी ते पिशवीत रॉकेलची बाटली घेऊन गेले आणि प्रसाद घेऊन परत आले. दगडावर झेंडा लागला होता. शेंदराखालून शिपायाचा आकार दिसत होता म्हणून देवाचं नाव पडलं होतं सिपाहीबाबा. त्याला नवस बोलले जात होते. कोणाची तरी म्हैस सापडली होती.

इतिहासाच्या मास्तराने एवढा विचार करायला हवा होता, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आता तर रोज वाटतं.

दर दसऱ्याला गावकरी सिपाहीबाबाला नवा चोला चढवतात. चोला म्हणजे शेंदराचा जाड थर. जुन्यावर नवा, नव्यावर अजून नवा. आधी चंद्रसूर्य गेले, मग ढालतलवार गेली, मग शिपायाचं नाक गेलं. त्याला चांदीचे डोळे लावले. मी कॉलेजात होते तोवर दगडाचं गुबगुबीत केशरी अंडं झालं होतं. बाबा दर वर्षी एकदा जाऊन त्याच्यापुढे उभे राहायचे. लोकांना वाटायचं, मास्तरांची फार श्रद्धा आहे.

सहा वर्षांपूर्वी एक सरकारी योजना निघाली. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या जागांवर माहितीच्या लोखंडी पाट्या लावायच्या. बाबांनी वर्तमानपत्रातलं कात्रण माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मी राइट टाउनातल्या एका शाळेत गणित शिकवते, इतिहासाशी माझा काडीचा संबंध नाही. पण अर्ज ऑनलाइन होता आणि बाबांना काचबिंदूमुळे एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं. तेव्हा अर्जदार मी झाले. दुसरा डोळा शाबूत आहे तोवर त्या अडीच ओळी वाचायच्या, नाव आपल्या घराचं आहे का ते बघायचं, आणि मग पाटी लावायची. एवढी एकच गोष्ट बाबांना हवी होती. नव्या साडीसाठी हट्ट करावा तसा लहानसा हट्ट, मी म्हटलं, करू.

पहिली पाटी दीड वर्षाने लागली. कोणाला न विचारता लागली. तिच्यावर लिहिलं होतं : ‘सिपाही बाबा मंदिर. यह स्थान अति प्राचीन है.’ बाबा ती वाचून असे भडकले की मला ऑटोवाल्याकडून पाणी मागावं लागलं.

‘अति प्राचीन? मी केलं न ते मंदिर! तू होती डबा घेऊन!’

‘हळू बोला बाबा, लोकं ऐकून राहिले.’

पाटी काढा म्हणून मी अर्ज केला. लावायला दीड वर्ष लागलं होतं, काढायला दोन. काढलेली पाटी आता गावातल्या चहाच्या टपरीवर छप्पर म्हणून आहे. ‘अति प्राचीन है’ एवढं अजून वाचता येतं, आणि चहावाला पोरगेलेसा असल्यामुळे लोक त्याला त्यावरून छळतात.

मग कार्यालयात एक बरा साहेब आला. तरुण, हसतमुख, बसायला खुर्ची देणारा. त्याने नवा फॉर्म दिला. त्यात रकाने होते : स्थान, काळ, महत्त्व, आणि ‘शिलालेख का पाठ’, म्हणजे दगडावर काय कोरलंय ते. शेवटच्या रकान्यापाशी गाडी अडली. मी अडचण सांगितली. तो म्हणाला, ‘मैडम, बुज़ुर्ग जो बोलते हैं वही लिख दीजिए. कौन जाँचने आ रहा है?’

मला तर त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. मी घरी येऊन बाबांना म्हटलं, ‘लिहून टाका ना जमादार. आपलं आडनाव टाका पुढे. तुम्हीच तर वाचलं होतं.’

‘वाचलं नव्हतं. वाटलं होतं.’

‘काय फरक पडते?’

‘मी बत्तीस वर्षं पोरांना तोच फरक शिकवला. आता काहून बदलू?’

‘मग काय करायचं? देवाला खरवडायचं? गाववाले आपल्यालाच खरवडतील.’

‘मी कुठं म्हणून राहिलो खरवड म्हणून? चोला सुटते कधी ना कधी. आपोआप सुटते. तोवर थांबू.’

हे खरं आहे. थर फार जड झाले की कधीतरी चोला आपला आपण मूर्ती सोडतो, अख्खा, टरफलासारखा. पण तो पन्नास वर्षांनी सुटेल की शंभर, हे कोणी सांगावं? आणि डोळ्याचे डॉक्टर मला बाजूला घेऊन महिन्यांच्या भाषेत बोलायला लागले होते. मी चिडले. मी फार चिडते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी बाबांना म्हटलं की तुम्हाला पाटी नकोच आहे, तुम्हाला फक्त मला पळवायचं आहे. ते उठले. रेडिओ लावून बसले.

दरम्यान गावात एक वेगळाच घोळ झाला होता. मी सारखी फाइल घेऊन येते, मोजमाप घेते, साहेबाला घेऊन येते, त्यावरून गावाने मला सरकारी बाई ठरवलं. माझा नंबर हातोहात पसरला. ट्रान्सफॉर्मर जळला की मला फोन. हँडपंपाला पाणी नाही की मला फोन. कोणाचं राशनकार्ड अडलं की मला फोन. मी किती वेळा सांगितलं की भैया, मी गणिताची शिक्षिका आहे. ते ‘हओ दीदी’ म्हणायचे आणि चार दिवसांनी पुन्हा ट्रान्सफॉर्मर. शेवटी मी त्या गावचे फोन घेणंच बंद केलं.

तो मंगळवार होता. आठवीची परीक्षा चालू होती आणि मी वर्गावर पहारा देत होते. साडेसातला फोन थरथरला. देवळाची झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा नंबर. मी कट केला. साडेनऊला पुन्हा. कट. अकराला स्टाफरूममध्ये चहा घेताना पुन्हा. सोबतची शिक्षिका म्हणाली, उठा लो, कोई ज़रूरी होगा. मी म्हटलं, कुछ नहीं, ट्रान्सफॉर्मर होगा. सगळ्या हसल्या. मीही हसले.

साडेचारला घरी जाताना काय वाटलं कोण जाणे, मी स्कूटर बाजूला घेतली आणि फोन लावला.

‘बिटिया, सिपाहीबाबा ने चोला छोड़ दओ,’ बाई म्हणाली. ‘आज भोर में. हमने तीन बेर फोन लगाओ.’

मी विचारलं, चोला कहाँ है? ती म्हणाली की दुपारपर्यंत वाट पाहिली. सुटलेला चोला जमिनीवर ठेवून रात्र काढत नाहीत, तशी रीत नाही. गाजावाजा करून नेला आणि नर्मदाजीत सोडून आले.

‘पर मुझे क्यों बुला रहे थे?’ हा प्रश्न मी का विचारला कोण जाणे. बहुतेक पुढचं काही ऐकायचं नव्हतं म्हणून.

‘काए, पहलो चोला मास्साब ने चढ़ाओ हतो. तो कंधा भी उनई के घर को लगतो.’

पहिला हात बाबांचा, म्हणून शेवटचा खांदाही आमच्या घराचा. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? ती हसली. म्हणाली, त्या पहाटे तिचा नवरा शेतात बसला होता, उठता येईना अशा कामाला. त्याने सगळं पाहिलं. स्कूटर, मास्तर, मागे डबा धरलेली मुलगी. गावात सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हैस सापडली ती नंतर. आम्ही बापलेक चव्वेचाळीस वर्षं जे गुपित जपत होतो ते त्या गावात कोणी जपलंच नव्हतं.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. फोन आले होते, मी घेतले नाहीत, असं सरळ सांगितलं. खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण शब्द जुळवायला वेळ मिळाला नाही. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, ‘दगड तर उघडा आहे न? उद्या सकाळी चल.’ त्यांनी रात्रीच भिंग पुसून शर्टाच्या खिशात ठेवलं.

सकाळी ओळखीच्या ऑटोने गेलो. गावकऱ्यांनी नवा शेंदूर खलून ठेवला होता, पण चढवला नव्हता, मास्तरांसाठी थांबले होते. दगड उघडा होता. मला वाटलं होतं त्याच्या अर्ध्याहून लहान. वरचा चंद्र शाबूत होता, सूर्याची एक कड होती, आणि त्याखाली काहीच नव्हतं. दगड भुरभुऱ्या जातीचा. इतकी वर्षं तेल पिऊन त्याचा वरचा पापुद्रा भुसभुशीत झाला होता आणि चोला सुटताच धूळ होऊन झडून गेला होता. शिपाई गेला होता. ओळी गेल्या होत्या. बाबा खाली बसले, भिंग लावलं, मग भिंग ठेवून दिलं आणि बोटांनी चाचपू लागले. बराच वेळ चाचपलं. कोणी त्यांना थांबवलं नाही.

तेव्हा म्हातारी म्हणाली, ‘चोला के भीतर तो दिखत हते. उल्टे-उल्टे अच्छर.’

साच्यात उमटावं तसं सगळं उमटलं होतं, चोल्याच्या आतल्या बाजूला. आरसा धरला असता तर वाचता आलं असतं. माझ्या मोबाइलवर फोटो काढून उलटा करायला दहा सेकंद लागले असते. काल सकाळपासून दुपारपर्यंत तो चोला इथे या झाडाखाली आतली बाजू वर करून पडून होता, आणि मी राइट टाउनात चहा पीत हसत होते. मला त्या गावाचा राग आला, नदीचा राग आला, कोणी एकानेही फोटो काढला नाही याचा राग आला. मी म्हटलंही तसं. एक जण म्हणाला, ‘दीदी, चोला छोड़ते भगवान की फोटू नहीं खींचते.’ मी देवळामागे जाऊन रडले. रागाने रडले, दुःखाने नाही, म्हणजे मला तरी तसं वाटलं.

परत आले तेव्हा बाबा म्हातारीला प्रश्न विचारत होते, वर्गात विचारावेत तसे. किती ओळी होत्या? तीन. नक्की तीन? हओ, तीन, शेवटची छोटी. अक्षरं खोल की उथळ? पहिलं कसं होतं? तिने धुळीत बोटाने काढून दाखवलं.

बाबा मला म्हणाले, ‘काय काढलं तिनं? मला धूळ दिसून नाही राहिली.’

‘श्री आहे बाबा.’

‘श्री वाटून राहिलं का दिसून राहिलं?’

मी पुन्हा पाहिलं. ‘एक उभी रेघ आहे. तिला एक गाठ आहे.’

‘हां. असं सांग.’

त्यांनी दुसऱ्या ओळीचंही विचारलं. ती तिला आठवत नव्हती. ‘हमें पढ़बो नईं आत, मास्साब,’ ती ओशाळून म्हणाली. बाबा म्हणाले, ‘आपने देखा तो सही. हमने वो भी नहीं देखा.’ मग शेंदराची परात त्यांच्यापुढे आणली, पहिला हात त्यांचा म्हणून. त्यांनी ती म्हातारीकडे सरकवली. इतकी वर्षं सांभाळलं तिने, मान तिचा, म्हणाले. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

घरी आल्यावर मला वाटलं, सुटलो. आता ना वाचायचं, ना थांबायचं. नाव आमच्या घराचं होतं की नव्हतं, हे आता कोणालाच कधी कळणार नव्हतं. मी बाबांना म्हटलं, मी उद्या अर्ज मागे घेते. ते म्हणाले, ‘काहून? फॉर्म काढ. रकाना भरायचा आहे.’

‘काय भरायचं त्यात?’

‘मी सांगतो, तू लिही. हिंदीत लिही.’

मी पेन घेतलं. ते खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून सांगू लागले. मी लिहीत गेले. शिलालेख में तीन पंक्तियाँ थीं. अब नष्ट. गाँव की एक महिला ने उन्हें देखा. उन्हें पढ़ना नहीं आता था. जो पढ़ सकते थे, उन्हें तीन बार फ़ोन किया गया. वे नहीं आए.

मी थांबले. ‘बाबा, हे शेवटचं लोखंडी पाटीवर जाईन.’

‘जाऊ दे न.’

‘गावातले लोक वाचतील. शाळेच्या सहली येतील तिथं.’

‘झालं तसंच आहे का नाही?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते. त्यांनी फक्त विचारलं, जसं तीन ओळी होत्या का अडीच, हे त्या म्हातारीला विचारलं होतं तसंच.

‘झालं तसंच आहे,’ मी म्हटलं.

‘मग सही कर,’ ते म्हणाले. सही मीच केली. अर्जदार पहिल्यापासून मीच होते.